घारापुरी : मुंबईच्या कामाला जोडून एक शनिवार-रविवार

घारापुरी हे बेट गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे दहा-अकरा किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या ऐन मध्यात आहे. बोटीने तिथे पोचायला तास लागतो. मुंबईकर त्याला आपले समजत असले तरी बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातले आहे. बेटाला स्वतंत्र ग्रामपंचायत आहे आणि राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. वस्ती मुख्यतः आगरी-कोळ्यांची. दोन टेकड्या, त्यांच्या मधली अरुंद दरी, काठाला खारफुटी आणि चिखल, वर आंबा, चिंच, करंज आणि ताड, एवढा या बेटाचा संसार. पूर्वेकडची टेकडी उंच, समुद्रसपाटीपासून सुमारे १७३ मीटर. पश्चिमेकडच्या टेकडीच्या पोटात सहाव्या शतकातली शैव लेणी आहेत. युनेस्कोने १९८७ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

छत्रपती संभाजीनगरहून मुंबईला कामासाठी जाणाऱ्यांच्या दृष्टीने हे बेट फार सोयीचे आहे, तरी त्यांच्यातले थोडेच तिकडे फिरकतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांतली माणसे कंपनीच्या मुख्य कार्यालयात, बँकेत, न्हावा-शेव्याच्या जकात कामासाठी, तर सरकारी कामवाले मंत्रालयात, असे मुंबईला जाणे-येणे वर्षभर चालू असते. काम शुक्रवारी संपले की रात्रीची गाडी पकडून घर गाठायचे, ही ठरलेली रीत. पडेगावच्या माणसाने मात्र ती एकदा मोडावी, याला खास कारण आहे. छावणी ओलांडली की शहराच्या पश्चिम अंगाला दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर पडेगाव लागते. वेरूळला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या इथूनच पुढे जातात, आणि इथल्या घरांत पाहुणे आले की त्यांना वेरूळ दाखवायला नेणे हा शिरस्ता आहे. वेरूळचे धुमार लेणे, म्हणजे २९ क्रमांकाचे लेणे, आणि घारापुरीचे मुख्य लेणे यांचा आराखडा जवळजवळ एकच आहे. दोन्ही शैव, दोन्ही एकाच शतकाच्या आसपासची, दोन्ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच बेसाल्ट खडकाच्या थरांत कोरलेली. ज्याने वेरूळ लहानपणापासून पाहिले आहे, त्याला घारापुरी परकी वाटत नाही, आणि घारापुरी पाहून आल्यावर वेरूळही नव्याने कळते.

मुक्काम शक्यतो फोर्ट, सीएसएमटी किंवा चर्चगेट परिसरात ठेवावा. तिथून गेटवे चालत जाण्याइतके जवळ आहे. बेटावर पर्यटकांना रात्रीचा मुक्काम करता येत नाही, त्यामुळे सामान हॉटेलवरच ठेवून पाठीवर एक हलकी पिशवी, पाण्याची बाटली आणि टोपी घेतली की पुरते. बोटी सकाळी नवाच्या सुमारास सुरू होतात, दुपारी दोनपर्यंत सुटत राहतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास शेवटची बोट परत फिरते. लेणी सोमवारी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. शनिवारी सकाळची पहिली किंवा दुसरी बोट धरणे महत्त्वाचे आहे. साडेअकरानंतर लेण्यात शाळांच्या सहली आणि मोठे गट येतात, आणि मग शिल्पासमोर शांतपणे उभे राहायला जागा उरत नाही.

बोटीतला तास वाया जात नाही. मागे गेटवेची कमान आणि १९०३ सालचे ताजमहाल हॉटेल लहान होत जाते. डाव्या हाताला नौदलाच्या गोदीतली जहाजे दिसतात. पुढे जवाहर द्वीप लागते. कच्चे तेल घेऊन येणारी जहाजे तिथे लागतात, आणि तिथून ते नळांवाटे किनाऱ्यावर जाते. उत्तरेला शिवडी ते न्हावा हा अटल सेतू लांबवर पसरलेला दिसतो. तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. घारापुरीच्या पलीकडे, मुख्य भूमीच्या काठावर, १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच क्रेनांची रांग आहे. पडेगावच्या पुढे माळीवाड्याला कंटेनर डेपो आहे. मराठवाड्याच्या कारखान्यांतून परदेशी जाणारा माल ज्या बंदरातून चढतो, ते हेच. कामाच्या कागदांवर ज्याचे नाव रोज दिसते, ते बंदर बोटीतून प्रत्यक्ष दिसते. दीड हजार वर्षांपूर्वीही याच खाडीत व्यापारी जहाजे येत होती. मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन बनावटीच्या मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. बेटाला धनी मिळाले, लेणी कोरायला पैसा आणि माणसे मिळाली, ती या जलमार्गामुळे.

बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट घालण्याबाबत कोणतीही टाळाटाळ करू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावरच्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसे दगावली. एकट्या प्रवाशाने घरी फोन करून आपण कोणत्या बोटीने निघालो, संध्याकाळी कधी परतणार, हे कळवून ठेवावे.

बोट शेतबंदरच्या धक्क्याला लागते. धक्का लांब आहे, कारण ओहोटीला काठाजवळचा चिखल उघडा पडतो आणि बोटी जवळ येऊ शकत नाहीत. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी चालते, पण चालत गेले तर दोन्ही बाजूंची खारफुटी आणि चिखलातले पक्षी पाहायला मिळतात. पुढे सुमारे १२० पायऱ्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने आहेत. काकडी, कैरी, ताक, माळा, दगडी मूर्ती विकणारी बहुतेक माणसे बेटावरचीच असतात. पूर्वी इथले पोट भातशेती आणि मासेमारीवर होते, आता मुख्यतः येणाऱ्या माणसांवर आहे. वर माकडे बरीच आहेत आणि हातातले खाणे ओढून नेतात. म्हाताऱ्या माणसांसाठी डोलीची सोय आहे.

या गावाने विजेची फार वाट पाहिली. समोर मुंबईचे दिवे रात्रभर झगमगत असताना घारापुरीत संध्याकाळचे काही तास जनित्रावर वीज मिळे. समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून महावितरणने बेटाला वीज जोडून दिली, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. देशाच्या आर्थिक राजधानीच्या डोळ्यांसमोरच्या गावाला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे थांबावे लागले, ही गोष्ट लेणी पाहायला आलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पायऱ्या संपल्यावर मुख्य लेण्याचा उत्तर दरवाजा समोर येतो. पुरातत्त्व खात्याचे तिकीट भारतीयांना ४० रुपयांचे आहे. बहुतेक लोक याच दरवाजातून आत शिरतात, सरळ दक्षिणेकडच्या भिंतीतल्या भव्य त्रिमुखापर्यंत जातात, छायाचित्र काढतात आणि वळतात. लेण्याची रचना मात्र दोन दिशांना बांधलेली आहे. उत्तर-दक्षिण रेषा त्रिमुखाकडे नेते. पूर्व-पश्चिम रेषा पूर्वेच्या अंगणातून शिवलिंगाच्या गाभाऱ्याकडे जाते. पूजेचा मूळ मार्ग हा दुसरा असावा आणि मुख्य द्वार पूर्वेचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. एकट्याने जाणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. कोणी घाई करत नाही, म्हणून आत शिरल्यावर आधी पूर्वेच्या अंगणात जाऊन तिथून पश्चिमेकडे चालत येता येते. सकाळच्या तिरप्या उजेडात खांबांच्या रांगांमधून गाभारा जवळ येत जातो. त्याला चारही बाजूंनी दारे आहेत आणि प्रत्येक दाराशी दोन असे भव्य द्वारपाल उभे आहेत. आत कोणतेही नक्षीकाम नाही, फक्त लिंग. शिल्पांनी भरलेल्या लेण्यात ही साधी जागा ठेवणाऱ्यांना आपण काय करतो आहोत याची पूर्ण जाण होती.

सभामंडप प्रत्येक बाजूने सुमारे ३९ मीटर. खांब खाली चौकोनी, वर गोल आणि पन्हळीदार, त्यावर आवळ्यासारखे फुगीर शीर्ष. काही खांब पडले होते, ते नंतर उभारले गेले, आणि जुन्या-नव्यातला फरक नीट पाहिले तर कळतो. खांबांच्या रांगांवर छताला कोरलेल्या तुळया आहेत. त्यांची कामाला काही गरज नाही. डोंगर स्वतःच छत धरून आहे. लाकडी मंदिराची आठवण दगडात ठेवायची, एवढ्यासाठी त्या कोरल्या. छताकडून खाली उतरत कोरायचे, खांबाइतका खडक सोडून बाकीचा काढून टाकायचा, ही पद्धत. एकदा घाव चुकला की तो दगड परत लावता येत नाही. वेरूळ पाहिलेल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

भिंतींवर शिवाच्या कथांचे मोठे शिल्पपट आहेत. उत्तर दाराच्या दोन बाजूंना योगीश्वर आणि नटराज: एकीकडे समाधीत स्थिर बसलेला शिव, दुसरीकडे नृत्यात वळलेला. पूर्वेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण आणि कैलासावरचे शिव-पार्वती. पश्चिमेला गाभाऱ्याजवळ अंधकासुराचा वध आणि शिव-पार्वतीचा विवाह. या सर्वांत विवाहाच्या पटासमोर थांबावे तेवढे थोडे. पार्वतीची मान किंचित कललेली, अंगात संकोच, मागून तिला पुढे आणणारे वडील, खाली होमाशी बसलेला ब्रह्मा. मूर्तीचे हातपाय तुटलेले आहेत, तरी तिच्या उभे राहण्यातली लाज शिल्लक आहे. अंधकवधाच्या पटात याच्या अगदी उलट. शिवाचे डोळे विस्फारलेले, सगळा देह एका दिशेने झेपावलेला. काही पावलांच्या अंतरावर हे दोन्ही भाव दगडात उतरले आहेत.

दक्षिण भिंतीत मध्यभागी सुमारे सहा मीटर उंचीचे त्रिमुख आहे. पूर्वी त्याला ब्रह्मा-विष्णु-महेश मानत. आता ते सदाशिवाचे रूप असल्याचे बहुतेक सर्व अभ्यासक मान्य करतात. मधले मुख तत्पुरुष: मिटलेले डोळे, जाड खालचा ओठ, पूर्ण शांत. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे मुख अघोर: मिशा, कपाळावर आठ्या, हातात साप. उजवीकडचे वामदेव: कोवळे, स्त्रीसारखे, हातात कमळ. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या बोधचिन्हात हीच मुखे आहेत, त्यामुळे आपण ती कितीतरी वेळा पाहिलेली असतात. पण त्या चिन्हात खोली येत नाही. मूर्ती भिंतीतल्या खोल कोनाड्यात आहे आणि उजेड उत्तरेकडून, पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटे लागतात. तेवढा वेळ दिला की आधी मधला चेहरा, मग हळूहळू बाजूचे दोन दिसू लागतात. त्रिमुखाच्या डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे स्वर्गातून उतरणारी गंगा जटेत घेणारा गंगाधर आहे.

लेणी कोणी कोरली, याचा शिलालेख उरलेला नाही. पोर्तुगीजांनी इथला एक कोरीव लेख असलेला दगड काढून पोर्तुगालला नेला आणि तो पुढे हरवला. गुजरातच्या सुलतानाकडून १५३४ मध्ये वसईच्या प्रदेशाबरोबर हे बेट त्यांच्या हाती आले होते. त्यांच्या शिपायांनी मूर्तींवर नेम धरून गोळ्या झाडल्याचे सांगतात. पाण्याचा पाझर आणि खाऱ्या हवेनेही नुकसान केले आहे. लेखाअभावी काळ ठरवण्यासाठी अभ्यासक नाण्यांकडे वळले. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी बेटावर सापडली आणि वेरूळलाही. कलचुरी पाशुपत शैव पंथाचे होते, आणि लेण्यातली योगीश्वराची मूर्ती त्या पंथाशी जुळते. त्यामुळे सहाव्या शतकाच्या मध्याचा काळ आता बराच मान्य झाला आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात (इ. स. ६३४) पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेली पुरी नावाची नगरी शेकडो नौका नेऊन जिंकल्याचा उल्लेख आहे. ती पुरी म्हणजेच घारापुरी, असे काही इतिहासकारांचे मत आहे. इतर तिला कोकणच्या किनाऱ्यावर अन्यत्र शोधतात. पुढे बेट १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेले. त्यांच्या काळात, १८७५ साली, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या वेल्सच्या राजपुत्रासाठी याच सभामंडपात मेजवानी मांडली गेली. ज्या दगडी भिंतींवर शिव-पार्वतीचे लग्न कोरले आहे, त्यांच्या सावलीत परक्या राज्यकर्त्यांनी जेवणाच्या पंगती घातल्या, हे वाचले की आजही त्रास होतो.

मुख्य लेण्यापलीकडच्या लेण्यांत शिल्पे कमी आहेत. काही अर्धवट, काही झिजलेली. ती पाऊण तासात पाहून होतात. टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या तोफा आहेत आणि तिथून सगळे बंदर दिसते. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि बौद्ध लेणी आहेत. तिकडे जाणारे फार थोडे. तिथली वाट गावातल्या माणसाला विचारूनच धरावी आणि शेवटच्या बोटीच्या वेळेचा हिशेब ठेवावा. दुपारच्या उन्हात पाण्याचे हाल होतात, कारण बेटावरचे पिण्याचे पाणी पावसाचे साठवलेले असते.

रविवार भायखळ्याला, घारापुरीच्या दगडी हत्तीला द्यावा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले, ते राजबंदरजवळ उभ्या असलेल्या मोठ्या दगडी हत्तीवरून. त्याचे डोके १८१४ मध्ये पडले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी तो उचलत असताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जुळवले गेले. आज हा हत्ती याच बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. जवळ गेल्यावर जोडांच्या रेषा दिसतात. संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले. त्याला ज्यांचे नाव आहे ते भाऊ दाजी लाड डॉक्टर होते, आणि पश्चिम भारतातल्या प्राचीन लेखांचे वाचन करणाऱ्या पहिल्या एतद्देशीय विद्वानांपैकी एक. लेण्यांच्या शोधाला ज्यांनी बळ दिले, त्यांच्या नावाच्या इमारतीबाहेर घारापुरीचा हत्ती असावा, हा योग फार उचित आहे. वेळ उरला तर उपनगरातले जोगेश्वरीचे लेणे पाहावे. ते घारापुरीच्या थोडे आधीचे मानतात. वस्तीने चहूबाजूंनी वेढलेले आणि पाण्याने पोखरलेले असले तरी मोठ्या मंडपात मधोमध चार दारांचा गाभारा ठेवण्याची कल्पना तिथे आधीच दिसते.

परतीला रविवारी रात्री सीएसएमटीहून सुटणारी देवगिरी एक्स्प्रेस मनमाडमार्गे पहाटे संभाजीनगरला पोचते, आणि सोमवारी कामावर हजर राहता येते.

वेरूळचे धुमार लेणे त्यानंतर लवकरच्या सुट्टीत पाहिले तर तुलना ताजी राहते. ते घारापुरीपेक्षा थोडे मोठे आहे. मध्ये नाही तर मागच्या बाजूला सरकलेला चार दारांचा गाभारा, दाराशी द्वारपाल, तिन्ही बाजूंना प्रवेश आणि पायऱ्यांशी सिंह. रावण, अंधकवध, शिव-पार्वतीचा सारीपाट, विवाह, सगळे विषय पुन्हा भेटतात. बहुतेक अभ्यासक ते घारापुरीनंतरचे मानतात. आकृत्या इथे जास्त जड आणि रांगड्या आहेत, घारापुरीची नजाकत कमी झाली आहे. पण जागेचा उपयोग अधिक धाडसी आहे, कारण लेण्याला लागूनच डोंगरावरून धबधबा कोसळतो आणि खाली सीतेची नहाणी म्हणतात तो डोह आहे. बेटावर समुद्राने जे केले, ते इथे या पाण्याने साधले आहे. कैलास लेण्यापासून उत्तरेकडे चालत गेले की हे लेणे लागते. बहुतेक पर्यटक कैलासातच थांबतात, त्यामुळे इथे गर्दी नसते. धबधबा पाहायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरात जावे. शिल्पे नीट पाहायची तर हिवाळ्यातल्या सकाळी. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात.